मातीची हाडं

जिंगदेझेनमधल्या माझ्या पहिल्या सकाळी मी छांग नदीच्या काठावर उतरले आणि पायाखाली खापरं कुरकुरली. दोन दिवस पाऊस नव्हता, पाणी ओसरलं होतं, आणि ओल्या चिखलात जिकडे पाहावं तिकडे फुटक्या भांड्यांचे तुकडे होते. निळ्या वेलीचा अर्धा वळसा, कुठल्याशा पेल्याची कड, आणि भट्टीत एकमेकींना चिकटून कायमच्या वाया गेलेल्या चार बश्या. आपल्याकडे नदीकाठी गोटे असतात तशी इथे चिनी माती पडलेली असते. मी खाली बसून एका वाडग्याचा तुकडा पाण्यात धुतला. बुडापासून कडेपर्यंत शाबूत होता तो. उन्हासमोर धरून मागे बोट नेलं, तर बोटाची सावली मातीतून आरपार दिसली. कड अजून इतकी धारदार की अंगठ्याला बारीकशी चीर पडली.

मी पुण्यात मातीची भांडी करते. पंधरा वर्षं चाकावर बसते आहे. पण ‘चिनी माती’ हा शब्द त्याच्याही आधीचा, आजीच्या माजघरातला. फळीवर बरण्या ओळीने मांडलेल्या असायच्या, खांद्यापर्यंत तपकिरी आणि खाली पांढरट. कैरीच्या लोणच्याची सगळ्यांत मोठी, लिंबाची मधली, मिठाची धाकटी. तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला. लोणच्याला लोखंड चालत नाही, पितळ चालत नाही, चिनी मातीच लागते, हे आजी इतक्या खात्रीने सांगायची की मला ती माती म्हणजे एखादी सोवळ्यातली वस्तू वाटायची. त्या बरण्या चीनहून आलेल्या नव्हत्या. त्या आपल्याच देशातल्या भट्ट्यांत भाजलेल्या, आणि त्यांची मातीही जाड, वेगळ्या जातीची. नाव तेवढं चिनी. ज्या भांड्यांमुळे ते नाव जगभर गेलं त्यांतली बहुतेक या एका गावातून निघाली होती, म्हणून एका ऑक्टोबरात महिनाभरासाठी मी इथे आले. एका छोट्या कारखान्यात शिकायला जागा मिळाली होती आणि त्यामागच्या बोळात राहायला एक खोली.

जिंगदेझेन आहे चियांगशी प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात, आन्हुई प्रांताच्या सीमेला लागून. चहूबाजूंनी डोंगर, फार उंच नाहीत पण एकमेकांना खेटून उभे. छांग नदी उत्तरेकडून, आन्हुईच्या डोंगरांतून येते, गावाच्या मधून जाते आणि पुढे पोयांग तलावाला मिळते. पोयांग हा चीनमधला गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा तलाव, आणि त्याचं पाणी यांगत्सेत जातं. नकाशावर ही रेघ बोटाने ओढून पाहिली की गाव इथेच का वसलं हे अर्धं कळतं. बैलगाडीत नाजूक भांडं चार कोसही टिकत नाही. नावेत मात्र ते पाळण्यातल्या पोरासारखं जातं. डोंगरांत पांढरा दगड होता, तो कुटायला ओढ्यांचं पाणी होतं, भट्टीला पाइनची लाकडं होती, आणि तयार माल उचलायला नदी. सगळं एका खोऱ्यात. पाण्याच्या चाकावर उचलली जाणारी मोठमोठी लाकडी मुसळं ओढ्याकाठी दिवसरात्र दगड कुटत असत. अशी काही मुसळं आजही आसपासच्या गावांत चालू आहेत. त्यांचा आवाज ऐकताना मला पहाटेच्या कांडणाची आठवण झाली, तोच संथ, न दमणारा ठेका.

जुनं गाव नदीला धरून लांबच लांब पसरलेलं आहे. तेरा ली, असं जुने लोक म्हणतात, म्हणजे आपले साडेसहा किलोमीटर. बोळ सगळे नदीच्या दिशेने उतरतात, कारण प्रत्येक बोळातून माल धक्क्याकडेच जायचा असे. बोळांच्या भिंती पाहण्यासारख्या आहेत. भट्टीच्या विटा वर्षानुवर्षं जळून निकामी झाल्या की भट्टी पाडून नवी बांधत, आणि जुन्या विटांनी घरं. आगीने या विटांच्या तोंडावर काळपट-हिरवी चकाकी धरलेली असते. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की बोळाची आख्खी भिंत झिलई दिल्यासारखी चमकते. मी रोज कामावरून परतताना तिच्यावरून हात फिरवत यायचे.

गावाचं आधीचं नाव छांगनान, ‘छांग नदीच्या दक्षिणेचं’. सोंग घराण्याचा बादशहा झेनझोंग याच्या राजवटीत १००४ ते १००७ या काळाला ‘जिंगदे’ असं नाव होतं. इथल्या भांड्यांवर खूश होऊन त्याने आपल्या काळाचं नाव गावाला दिलं. ‘झेन’ म्हणजे बाजारपेठेचं गाव. पुढे कितीही वाढलं तरी ते शतकानुशतकं झेनच राहिलं. अंमलदाराची कचेरी उत्तरेला थोड्या अंतरावर फूलियांगला, तिथे तट होता, दरवाजे होते. जिंगदेझेनला तट कधी नव्हताच. आज ते मोठं शहर आहे, आसपासचे तालुके धरून सोळा लाख वस्तीचं, तरी नावात ‘झेन’ टिकून आहे.

इथे कोणीही तुम्हाला अभिमानाने सांगेल की ‘चायना’ हे नाव ‘छांगनान’वरूनच पडलं. मला सांगणाऱ्या शिक्षकांचा चेहरा इतका उजळला होता की मी तेव्हा गप्प राहिले. पण ते खरं नाही. आपल्या महाभारतात चीन आहेत, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट नावाचं रेशीम आहे, आणि हे सगळं या गावाची भांडी प्रसिद्ध व्हायच्या कित्येक शतकं आधीचं. बहुतेक अभ्यासक ‘चीन’चं मूळ ‘छिन’ या राज्याच्या नावात शोधतात. गावाला या उसन्या मानाची गरजही नाही. त्याने जगाला एक वेगळा शब्द दिला आहे, आणि तो खरोखर त्याचाच आहे. तो पाहायला मी दुसऱ्या आठवड्यात गाओलिंगला गेले.

गाओलिंग म्हणजे ‘उंच डोंगरधार’. गावापासून पन्नासेक किलोमीटरवर, ईशान्येला. माझ्याबरोबर कारखान्यात शिकणारी एक मुलगी होती. माझं मोडकं चिनी आणि तिचं मोडकं इंग्रजी यांच्या मध्ये फोन धरून आम्ही बोलायचो. डोंगराच्या पायथ्याशी दोंगबू नावाची वस्ती आहे, एकेकाळचा मातीचा धक्का. तिच्या मुख्य रस्त्याला दगडी फरशा आहेत आणि फरशांच्या मधोमध एक खोल, गुळगुळीत खाच गेलेली आहे. आधी मला ती पावसाच्या पाण्याची वाटली. मुलीने दोन्ही हातांनी एकचाकी गाडी ढकलायचा अभिनय करून दाखवला. डोंगरावरून माती भरून आणणाऱ्या एकचाकी ढकलगाड्यांनी दगडात पाडलेली चाकोरी होती ती. हा शब्द आपण किती सहज वापरतो, चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. मी त्या खाचेत माझी चार बोटं उभी घातली. दगड अगदी लोण्यासारखा झिजलेला. लाकडी चाकाने हे व्हायला किती फेऱ्या लागल्या असतील, आणि प्रत्येक फेरीला मागे एक माणूस होता, खांदे ओढलेला, उतारावर गाडीला मागे खेचणारा.

वर चढत गेलं की झाडीत मध्येच पांढरे ढीग दिसतात. माती धुऊन उरलेली वाळू, शेकडो वर्षांची. हिरव्या डोंगरावर कोणी पिठाची पोती उपडी केल्यासारखं दिसतं. इथले लोक त्याला बर्फाची उपमा देतात. जुन्या बोगद्यांची तोंडं जाळी लावून बंद केली आहेत, आणि आतून गार हवा येते. मी ढिगातली मूठभर वाळू चोळून पाहिली, तळहातावर अभ्रकाची चमचम राहिली. इथली चांगली माती केव्हाच संपली. गावाला लागणारी माती आता बाहेरून येते. पण या डोंगराचं नाव ‘केओलिन’ होऊन जगातल्या प्रत्येक भट्टीवाल्याच्या तोंडी बसलं. पुण्यात माझ्या कामाच्या खोलीत कोपऱ्यात जी गोणी असते तिच्यावरही तेच छापलेलं आहे.

या मातीचं काम काय, हे समजून घेतल्याशिवाय जिंगदेझेन कळत नाही. चिनी मातीचं भांडं एका मातीचं नसतं. कुटलेला पांढरा दगड हा एक भाग. तो कुटून, पाण्यात निवळून त्याच्या छोट्या पांढऱ्या विटा पाडतात. भट्टीत हाच दगड वितळून काचेसारखा होतो, भांड्याला ती पारदर्शक चमक आणि खणखणीत नाद देतो. पण नुसत्या दगडाचं भांडं तेराशे अंशांच्या तावात बसकण मारतं. तिथे गाओलिंगची माती लागते. ती सहजी वितळत नाही. सगळं मऊ होत असताना ती आतून उभी राहते. युआन काळात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात, इथल्या कारागिरांनी दगडात अशी माती मिसळायला सुरुवात केली आणि मोठी, पातळ, तरीही न वाकणारी भांडी शक्य झाली.

फ्रान्स्वा झेव्हिए दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ मध्ये या गावाविषयी मायदेशी एक लांबलचक पत्र लिहिलं. कुंभारांपैकी काहींनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, त्यांच्याकडून त्याने हे सगळं काढून घेतलं होतं. त्या पत्रात एक गोष्ट आहे. युरोपातल्या काही व्यापाऱ्यांनी म्हणे दगडाच्या विटा विकत घेतल्या, मायदेशी नेल्या, पण केओलिन न्यायचं राहिलं. भांडी काही जमली नाहीत. हे ऐकून एक चिनी व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचं शरीर उभं करायचं होतं! दगड हे मांस, माती ही हाडं. मी डोंगरावर उभी राहून हे आठवलं तेव्हा त्या पांढऱ्या ढिगांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. एक आख्खा डोंगर आपली हाडं काढून देऊन बसला होता.

मग ती प्रसिद्ध निळाई. तिला आपण चिनी समजतो, पण सुरुवातीचा उत्तम कोबाल्ट इराणहून यायचा. काशानजवळ त्याच्या खाणी होत्या. इराणी व्यापाऱ्यांना हवं होतं निळं-पांढरं, रंग त्यांचा, माती यांची, आणि चौदाव्या शतकात जिंगदेझेनमध्ये दोहोंची गाठ पडली. १३५१ सालचा मजकूर लिहिलेल्या दोन उंच कलशांची जोडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका भाविकाने देवळाला वाहिलेले ते कलश पाहिले की तोवर हात किती तयार झाला होता ते कळतं. पुढे हे निळं-पांढरं इतकं पसरलं की निळ्या-पांढऱ्या कशालाही लोक चिनी म्हणू लागले. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. औरंगजेबाने गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला जिथे कैदेत ठेवलं तो. नाव पडलं ते भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरून. त्या फरशांचा आणि जिंगदेझेनचा थेट संबंध नाही, पण ‘चिनी’ हा शब्द मात्र इथल्या भांड्यांच्या मागोमागच आपल्याकडे आला असणार. खुद्द चिनी भांड्यांची खापरं चौलच्या उत्खननात सापडली आहेत, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठातही. मकाव आणि गोवा दोन्ही पोर्तुगीजांकडे, त्यामुळे पेट्या इकडे येतच असत. रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा एखादा निळा तुकडा छांग नदीतून निघून पोयांग तलाव, मग नद्या उलट दिशेने चढत, मेईलिंगच्या खिंडीत हमालांच्या खांद्यावर, पलीकडे कँटनला आणि तिथून समुद्राने आलेला असू शकतो. आणि वाटेतल्या एवढ्या हातांतून तो फुटला नाही, फुटला तो आपल्याकडे येऊन.

हात हीच खरी गोष्ट आहे या गावाची. १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात हिशेब दिला आहे: एक पेला पुरा व्हायला तो बहात्तर हातांतून जातो. दगड कुटणारा वेगळा, माती तुडवणारा वेगळा. चाकावर चढवणारा फक्त चढवतो. तासणारा फक्त तासतो. नक्षीची रेघ काढणारा रंग भरत नाही, आणि रंग भरणाऱ्याला रेघ काढू देत नाहीत. कच्च्या भांड्यांनी भरलेली लांब फळी खांद्यावर घेऊन गर्दीच्या बोळातून चालणं, हाही एक स्वतंत्र धंदा होता. आजही अशी फळी आली की मोटारसायकलवाला गाडी बाजूला घेऊन थांबतो. मला सुरुवातीला हे सगळं पाहून वाईट वाटलं. मी शिकले ती पद्धत अशी, की माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं एकटीने करायचं, आणि त्यातच कारागिराचा मान. आयुष्यभर नुसत्या रेघा काढायच्या, यात माणूस कुठे राहिला?

मग मला तासणाऱ्या शीफूंच्या शेजारी बसवलं. शीफू म्हणजे आपले वस्ताद. साठीचे गृहस्थ, घराणं मूळचं पोयांगच्या काठावरच्या दूछांग तालुक्यातलं. इथल्या भट्ट्यांवर दूछांगच्या लोकांचा वरचष्मा पिढ्यान्पिढ्यांचा, तर पैसा आणि व्यापार हुइचौच्या सावकारांचा. वाळलेलं कच्चं भांडं ते फिरत्या चाकावर पालथं घालायचे आणि लोखंडी पात्याने तासायला घ्यायचे. पात्याखालून मातीची सालं निघायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि लांबच लांब. दर थोड्या वेळाने चाक थांबवून ते मधल्या बोटाच्या टोकाने भांड्यावर हलकेच टिचकी मारायचे आणि कान थोडा कलता करायचे. नाद ऐकून जाडी कळते. खाली अजून जाड आहे, इथे झालं, इथे आता हात लावला तर गेलं. मोजपट्टी नाही, काही नाही. टिचकी आणि कान.

माझ्या डोळ्यांसमोर गोरोबाकाका उभे राहिले. तेरच्या त्या अंगणात बसलेल्या संतमंडळीत थापटणं घेऊन फिरणारे, एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून कोण भाजलं आहे आणि कोण कच्चं ते सांगणारे. नामदेवांना राग आला आणि तिथेच त्यांचं मडकं कच्चं ठरलं. ही गोष्ट मी लहानपणापासून भक्तीची गोष्ट म्हणून ऐकत आले होते. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा कुंभाराची गोष्ट म्हणून ऐकू आली. गोरोबांना परीक्षा घ्यायला सांगितली ती त्यांना थापट्याचा नाद कळत होता म्हणून. चाळीस वर्षं एकच काम केल्याने माणूस लहान होतो, हा माझा समज शीफूंच्या त्या टिचकीने मोडला. त्यांनी माझं एक वाडगं घेतलं, टिचकी मारली, मान हलवली, आणि पात्याच्या चार फटक्यांत त्याचं निम्मं वजन उतरवलं. मग माझा हात धरून माझंच बोट त्या वाडग्यावर वाजवलं, आधी खाली, मग कडेजवळ. दोन्हीकडे एकच सूर. ‘हाओ,’ ते म्हणाले. छान.

गावाच्या मधोमध झूशान नावाची टेकडी आहे, तिथे मिंग आणि छिंग घराण्यांच्या शाही भट्ट्या होत्या. बादशहाच्या ताटातली भांडी इथे घडत. अगदी उत्तम तेवढी राजधानीला जात, आणि जरा रंग फिका पडला, पाकळी वाकडी गेली, की भांडं फोडून टेकडीतच पुरत. बादशहासाठी केलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या हाती लागता कामा नये म्हणून. १९८०च्या दशकात तिथे खणलं तेव्हा थरांवर थर खापरं निघाली. संशोधकांनी ती वर्षानुवर्षं बसून जुळवली, आणि संग्रहालयात आज ती उभी आहेत, अंगभर भेगांच्या रेषा घेऊन. मिंग काळातला, छंगह्वा बादशहाच्या कारकिर्दीतला, कोंबडा-कोंबडी रंगवलेला आठेक सेंटिमीटरचा एक पेला २०१४ मध्ये हाँगकाँगला लिलावात २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरना गेला. मला त्या पेल्यापेक्षा ही सांधलेली भांडीच अधिक बोलकी वाटली. कित्येकांच्या बुडाला सुंदर निळ्या अक्षरांत बादशहाच्या कारकिर्दीचं नाव आहे. ज्याने घडवलं, ज्याने रेघ काढली, ज्याने डोळ्यांत तेल घालून आग सांभाळली, त्यांच्यातल्या एकाचंही नाही.

एकच नाव राहिलं, तेही देव होऊन. थोंग बिन नावाचा कुंभार. १५९९च्या सुमाराची गोष्ट सांगतात. राजधानीहून आलेल्या खोजा अधिकाऱ्याला बादशहासाठी ड्रॅगन रंगवलेले प्रचंड रांजण हवे होते. रांजण पुन्हापुन्हा तडकत होते, कारागिरांना फटके पडत होते, उपाशी ठेवत होते. सोबत्यांचे हाल बघवेनात म्हणून थोंग बिनने पेटत्या भट्टीत उडी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर रांजण अखंड निघाले. लोकांनी त्याचं देऊळ बांधलं, ‘वारा आणि अग्नीचा देव’ म्हणून आजही त्याच्यापुढे उदबत्त्या लागतात. या गोष्टीतला चमत्कार मला महत्त्वाचा वाटत नाही. लोकांनी देव्हाऱ्यात अधिकारी बसवला नाही, कुंभार बसवला, हे मात्र विसरता येत नाही.

अधिकाऱ्यांतही एक माणूस असा निघाला. थांग यिंग १७२८ मध्ये दरबारातून इथे आला तेव्हा त्याला मातीतलं काहीच कळत नव्हतं. त्याने भेटीगाठी, मेजवान्या बंद केल्या आणि तीन वर्षं कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्यातच राहिला. मगच हुकूम द्यायला लागला. १७४३ मध्ये बादशहाच्या आज्ञेवरून त्याने भांडी घडवण्याच्या वीस चित्रांवर टिपणं लिहिली. थोंग बिनचं चरित्र लिहिणाराही हाच. त्याच्या देखरेखीखाली जी भांडी झाली त्यांच्या तोडीची पुन्हा झाली नाहीत, असं इथले कारागीर आजही म्हणतात. मला त्यात नवल वाटत नाही.

पाद्र्याच्या पत्रातलं जिंगदेझेन तीन हजार भट्ट्यांचं आहे. रात्री पाहिलं तर आख्खं गाव पेटल्यासारखं दिसतं, असं त्याने लिहिलं आहे. इथे रोज दहा हजारांवर ओझी तांदूळ आणि हजारावर डुकरं लागतात, हेही. पुढे युरोपला स्वतःची माती सापडली, स्वतःच्या भट्ट्या लागल्या. १८५५च्या सुमारास ताइपिंग बंडात शाही भट्ट्या जळाल्या. १९४९नंतर मोठे सरकारी कारखाने आले, लाकडाच्या जागी कोळसा आला, धुराडी उभी राहिली.

त्या कारखान्यांबद्दल मला जे समजलं ते माझ्या घरमालकीणबाईंकडून. त्यांना सगळे ‘आयी’ म्हणतात. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण मराठी कानाला ते काय ऐकू येतं हे सांगायला नको. मी पहिल्याच दिवशी त्यांना आयी म्हटलं आणि माझा आवाज जरा हलला. आयी विशीतच कारखान्यात लागल्या. ओल्या कागदावरची छापील फुलं बशीवर अलगद सरकवून बसवायची, बोटाने खालची हवा काढायची, पुढची बशी. एकाच प्रकारचं गुलाबी फूल. १९९०च्या दशकात सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले तेव्हा त्यांच्या घरातल्या तिघांचं काम एकाच वर्षी गेलं. हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. उठून आतून एक बशी घेऊन आल्या, तिच्यावर सोललेलं संत्रं ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. फुलाच्या एका पाकळीखाली हवेचा बारीक बुडबुडा राहिला होता. तेवढ्यासाठी ती बशी नापास झाली होती. म्हणून ती त्यांची झाली.

बंद कारखान्यांपैकी एकाच्या जागेत आता थाओशीछ्वान नावाचा परिसर उभा आहे, २०१६ पासून. जुनी धुराडी तशीच ठेवली आहेत आणि संध्याकाळी त्यांच्याखाली चीनभरातून आलेली तरुण मुलं आपापली भांडी मांडून बसतात. यांना ‘जिंगप्याव’ म्हणतात, जिंगदेझेनला वाहत आलेले. कोणी बँकेतली नोकरी सोडून आलेलं, कोणी कॉलेज अर्धवट टाकून. भाडं भरायला रात्री चहाचे पेले विकतात. माती डोंगरातून संपली, पाइन तोडायला बंदी आली, बादशहा गेला, कारखाने गेले, तरी माणसं येतातच आहेत, जशी दूछांगहून आली होती. कारण रेघ काढणारा इथे आहे, तासणारा इथे आहे, भट्टीचा ताव ओळखणारा इथे आहे. पूर्वीचे जाणते भट्टीच्या भोकातून आत थुंकायचे आणि थुंकी कशी उडून जाते यावरून आगीची वेळ सांगायचे. आता गॅसची भट्टी आणि आकडे दाखवणारं यंत्र आहे, पण आकड्यापुढे उभं राहून मान हलवणारा म्हातारा अजून लागतोच.

माझ्या शेवटच्या सोमवारी मी पहाटेच्या बाजारात गेले. अंधार असतानाच जुन्या वस्तूंचे विक्रेते फरसबंदीवर चादरी पसरतात आणि गिऱ्हाइकं बॅटऱ्या मारत फिरतात. निम्म्याहून जास्त माल खापरंच. एका कोपऱ्यात एक म्हातारेबाबा नुसती बुडं मांडून बसले होते, शेकडो बुडं. मी पिशवीतून माझा नदीकाठचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नक्षीकडे पाहिलंच नाही. तुकडा पालथा केला, झिलई न लागलेल्या बुडाच्या कड्यावरून ओला अंगठा फिरवला, बॅटरी जवळ नेली. खाली कोणाचंच नाव नव्हतं.

‘मिन याओ,’ ते म्हणाले. मग माझ्या बरोबरच्या मुलीकडे वळून पुन्हा एकदा, सावकाश. तिने फोन काढला, पण मला हे दोन शब्द तोवर येत होते. बादशहाची नव्हे, रयतेची भट्टी.

त्यांनी नखाने तुकड्यावर टिचकी मारली, कान कलता केला, आणि तो माझ्या ओंजळीत परत ठेवला. जुनी भांडी देशाबाहेर न्यायला कायद्याची आडकाठी आहे. निघायच्या दिवशी सकाळी मी नदीवर गेले, पाण्यात तो तुकडा पुन्हा एकदा धुतला आणि होता तिथे, बाकीच्या खापरांत ठेवून दिला.